पाणी कुठं गेलं, असं विचारणाऱ्या बाई

डॉ. विशाखा सरोदे यांची आणि माझी पहिली भेट एका खड्ड्यात झाली. हे मी विनोदानं लिहीत नाही. मृदाशास्त्र शिकायला पुण्यात येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. बाई आम्हाला वारज्याच्या पलीकडच्या टेकड्यांवर घेऊन गेल्या. तिथं पुरुषभर खोल खड्डा खणून ठेवला होता आणि मी नव्या चपला सांभाळत त्याच्या काठावर उभी होते. आतून आवाज आला, "अगं, वरून काय बघतेस? माती काय टीव्हीवर लागलीय? उतर खाली."

उतरले. बाईंनी खड्ड्याच्या भिंतीतून तांबडं ढेकूळ काढून माझ्या हातावर ठेवलं. मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे पाणी घालून ते मळलं, अंगठ्यानं दाबत त्याची पट्टी काढली. लांबलचक निघाली. मी ऐटीत सांगून टाकलं, "चिकणमाती. पाणी धरून ठेवणार. इथं पाणथळ होणार."  बाईंनी बादलीभर पाणी खड्ड्याच्या तळाशी ओतलं आणि आम्हाला शेंगदाणे वाटले. शेंगदाणे संपायच्या आत खड्डा कोरडा! "हं, आता सांग," बाई म्हणाल्या, "पाणी कुठं गेलं?"

  बाईंनी आयुष्यभर ज्या मातीचा अभ्यास केला ती ही माती. चढावरची, तांबडी, चिकण आणि तरीही उत्तम निचऱ्याची. सपाटीवरची आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि फुगली की पाणी आत घ्यायचं बंद करते. ही तसं करत नाही. हिच्यातल्या लोहामुळे चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना धरून राहतात. सुकी चोळली तर रव्यासारखी कणीदार लागते, मळली की कणकेसारखी चिकट होते. त्या कण्यांच्या मधल्या फटींतून पाणी सरळ खाली उतरतं. प्रयोगशाळेत मात्र आम्ही ती रसायन घालून घुसळतो, कण्या मोडतो आणि मग 'भारी चिकणमाती' असा शेरा मारून मोकळे होतो. मातीत पाय न ठेवता मातीबद्दल बोलणाऱ्यांची ही खास चूक आहे, आणि ती करणाऱ्यांत मोठमोठी मंडळी असतात.

बाईंचा नियम असा की ज्या खड्ड्यात आपण उतरलो नाही त्या मातीवर मत द्यायचं नाही. एकदा वरिष्ठांनी त्यांच्यासमोर कुठल्याशा डोंगरउताराचे आकडे ठेवून अहवालावर सही मागितली. बाईंनी विचारलं, "खड्डा कुठं आहे?" वरिष्ठ म्हणाले, "आकडे आहेत ना!" बाई म्हणाल्या, "मग सहीही आकड्यांकडूनच घ्या." त्यानंतर काही वर्षं बढतीच्या यादीत बाईंचं नाव दिसलं नाही. त्यांनी त्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही. राग आम्हालाच येत राहिला, मला तर अजून येतो.

मायेची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर बाई म्हणजे नुसत्या करारी असा समज व्हायचा. माझे वडील गेले तेव्हा माझा प्रबंध अर्धवट होता. मी तो सोडून गावी राहायचं ठरवलं. बाई एसटीनं आमच्या घरी आल्या. दोन दिवस राहिल्या, आईबरोबर भाकऱ्या थापल्या, प्रबंधाचा विषयसुद्धा काढला नाही. निघताना आईला म्हणाल्या, "हिला सोमवारी पाठवून द्या." आईनं पाठवलं. आईची आणि बाईंची ओळख ती तेव्हापासूनची.

आता मुख्य सांगायचं ते. बाईंना हे छापलेलं आवडणार नाही. पण बाईंच्या या अमृतमहोत्सवी ग्रंथात सगळेच गोड गोड लिहिणार. कुणीतरी खरं घडलेलं लिहायला हवं.

मी राहते ती सोसायटी वारज्याच्या टोकाला, टेकडी कापून केलेल्या जागेवर आहे. मागे टेकडी अडवून धरणारी उंच भिंत आहे, आणि भिंतीच्या वरून रस्ता जातो. तळमजल्यावर मागच्या बाजूला आमचं घर, आणि भिंतीकडच्या खोलीत माझी आई असते. गेल्या पावसाळ्यात आईचं खुब्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. ती पलंगावरून उठू शकत नव्हती. बाई तिला भेटायला आल्या. पाऊस सलग पडत होता, उसंत म्हणून नाही. जेवण झालं, आईशी गप्पा झाल्या आणि हात धुवायला म्हणून मागच्या बाजूला गेलेल्या बाई परत येईनात. जाऊन बघते तर छत्री न घेता भिंतीसमोर उभ्या.

"माधुरी, एवढ्या पावसात ही भिंत कोरडी कशी?"

मी म्हटलं, "यंदा सोसायटीनं दुरुस्ती केली. पूर्वी भोकांतून तांबडं पाणी यायचं. फरशीवर डाग, पांढऱ्या गाड्यांवर डाग. लोकांनी तक्रारी केल्या, मग भोकं बुजवली आणि रंग दिला." बोलता बोलताच आपण काय सांगतोय ते माझ्या लक्षात आलं. मी मातीची प्राध्यापक! रोज त्या भिंतीसमोरून जाणारी!

बाईंनी स्वयंपाकघरातून दोरा मागवला, त्याला कुलूप बांधून भिंतीच्या वरून सोडलं. ओळंबा मध्यावर भिंतीला टेकला आणि खाली चांगली चार बोटं लांब राहिला. भिंतीला पोट आलं होतं. त्या पोटावर, रंगाच्या आत, आडवी चीर गेली होती. मी आईच्या खिडकीकडे बघितलं. ती चिरीच्या बरोबर समोर होती.

अध्यक्षांना बोलावलं. श्री. मोघे सेवानिवृत्त गृहस्थ आहेत, सोसायटीसाठी झटतात, हे मी मुद्दाम नमूद करते. ते आले आणि म्हणाले, "मॅडम, आपण जेवायला आलात की तपासणीला?"

"जेवण झालं," बाई म्हणाल्या. "आता तपासणी."

"अहो, आपल्याच व्याख्यानात मी ऐकलंय की या टेकडीच्या मातीचा निचरा उत्तम आहे. बघा वरती, कुठं डबकं आहे? चिखल आहे? निचरा होतोय म्हणजे पाणी गेलं. मग घाबरायचं कशाला?"

"पाणी गेलं, पण गेलं कुठं?" बाईंचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. "वर साचत नाही कारण सगळं आत उतरतंय. खाली कातळ लागला की त्याच्यावरून सरकत इकडे येतंय. इतक्या दिवसांचा पाऊस या भिंतीमागे उभा आहे, मोघेसाहेब. बाहेर पडायची वाट आपण सिमेंटनं बंद केलीत. लोकांना घराबाहेर काढा. आत्ता."

 मोघ्यांनी एकदा ओळंब्याकडे बघितलं आणि फोन काढला. अग्निशमन दलाचे लोक निघालो म्हणाले, पण रस्ते तुंबलेले होते. खालच्या घरांतली माणसं भराभर बाहेर पडली. राहिली आई. आमच्या दारातून बाहेर पडायची एकच वाट, भिंतीच्या पायथ्यालगतच्या बोळातून. तिला खुर्चीत बसवून त्या बोळातून न्यायचं होतं.

आई म्हणाली, "मी नाही जाणार. मला चौघांनी उचलायचं ते एकदाच. आज नको."

मी रडकुंडीला आले. ओरडले, हात जोडले. ती हलेना. दुखण्याची भीती होती तिला, आणि शेजाऱ्यांनी उचलून न्यायची लाजही. तेवढ्यात बाई आत आल्या, ओल्या साडीनिशी पलंगावर आईशेजारी बसल्या.

"मग मीही बसते. गुडघे माझेही दुखतात."

"अहो, तुम्ही जा! तुम्ही कशाला?"

"तुम्ही आहात ना इथं. दोघी गप्पा मारू."

  आई बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या खरंच उठणार नाहीत हे तिला कळलं असावं. "काय बाई आहे!" असं म्हणून तिनं हात पुढे केला.

बाहेर येऊन बाईंनी वाफ्यातली मूठभर तांबडी माती उचलली, तळहातावर मळली आणि चिरीवर आडवी लिंपली, पातळ, पापडाएवढी. माझ्या हातात छत्री दिली. "यावर पाऊस पडू द्यायचा नाही. चीर वाढली की लिंपण फाटेल. तुझी नजर तिथून हलता कामा नये."

"बाई, मला आईजवळ जाऊ द्या."

"आईला उचलायला चौघं आहेत. ही माती वाचायला आपण दोघीच."

त्या क्षणी मला बाईंचा राग आला. मनापासून आला. आईची खुर्ची माझ्या पाठीमागून जात होती, तिचं कण्हणं मला ऐकू येत होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून छत्री धरून उभी होते. खुर्ची बोळाच्या मध्यावर आली असेल, तेवढ्यात लिंपणावर केसाएवढी रेघ उमटली. मी तोंड उघडलं. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. ओरडलं असतं तर घाबरून त्या चौघांनी खुर्ची सोडली असती. बाई वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "चला, चला, थांबू नका. छान नेताय. पुढं पायरी आहे, सांभाळून." रेघ लांबत होती. मी तिच्याकडे बघत होते. मग फाटकाकडून मोघ्यांची हाक आली, "आजी बाहेर आल्या!"

आता भोकं उघडायची होती. थांबलो असतो तर भिंत वरच्या रस्त्यासकट खाली आली असती. सोसायटीचा संतोष प्लंबर आला. "ही भोकं मीच बुजवल्याली हायेत, मॅडम," तो म्हणाला. "साहेबांनी सांगितलं, म्या बुजवली. पर आता उघडताना भित अंगावर आली तर?"

"कडेचं भोक आधी. समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहून मारायचं. मी चिरीकडे बघतेय. मी 'पळा' म्हटलं की हातातलं टाकून पळायचं."

"आन् तुमी?"

"मीपण पळेन की! मला काय हौस आहे?"

संतोषनं छिन्नी लावली. सिमेंटचा गोळा सुटून पडला. पाणी आलं नाही. थेंबसुद्धा नाही. आम्ही सगळे त्या काळ्या भोकाकडे बघत राहिलो. मोघे हळूच म्हणाले, "मॅडम, आपला अंदाज..." बाईंनी मान वळवली नाही. "सळई घाल संतोष. आत गाळ बसलाय." त्यानं सळई घातली, रेटली, पुन्हा रेटली. आणि एकदम सळई त्याच्या हातातून बाहेर फेकली गेली. तिच्यामागून तांबड्या पाण्याची धार सुटली, ती समोरच्या आमच्या दारावर जाऊन आदळली. संतोष बाजूला होता म्हणून वाचला. एकामागून एक सगळी भोकं उघडली. बोळातून तांबडा ओढा वाहायला लागला. लिंपणावरची रेघ होती तिथंच थांबली.

अग्निशमन दलाचे लोक आले, त्यांनी भिंतीला टेकू दिले, पुढे सोसायटीनं ती उतरवून नव्यानं बांधली. नव्या भिंतीची भोकं मोघे आता स्वतः तपासतात. त्या संध्याकाळी शेजाऱ्यांकडे चहा घेताना मात्र बाईंच्या हातातली बशी थडथड वाजत होती. मी म्हटलं, "बाई, घाबरला होतात?" त्या म्हणाल्या, "मग! दगडाची आहे का मी? माती आतून किती भिजलीय ते बाहेरून थोडंच कळतं?" बाईंना आपण सगळे धीराच्या म्हणून ओळखतो. धीर म्हणजे काय ते मला त्या वाजणाऱ्या बशीवरून कळलं.

बाईंनी पंच्याहत्तरी पूर्ण केली. लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं, तर ते काम मी आईवर सोपवलं. ती बाईंहून आठ-दहा वर्षांनी मोठी आहे, आता वॉकर घेऊन घरभर फिरते. तिला म्हटलं, बाईंसाठी काय लिहू, सांग. ती वॉकर सरकवत खिडकीशी गेली.

"माझं आयुष्य त्यांना लागो, असं म्हणतात आपल्याकडे," ती म्हणाली. "पण आता जे जगतेय ते त्यांनीच दिलेलं. त्यांचंच त्यांना काय देऊ? तू आपलं एवढंच लिही, की मी आहे तोवर त्यांनी धडधाकट राहायचं. आणि म्हणावं, मला इतक्यात जायचं नाहीये."