चिलेची एक नंबरची गाणी आणि आपले डॉक्टर कारखानीस

आधी तक्रार, नमस्कार मग. आपल्या मंडळाच्या कमिटीने ज्या बैठकीत डॉक्टर विश्वास कारखानीसांच्या पंचाहत्तरीची शाल ठरवली, त्याच बैठकीत त्यांच्या गाण्याच्या वर्गाचा हॉलमधला शनिवार काढून ढोल-ताशाच्या प्रॅक्टिसला दिला. एका हाताने शाल घालायची आणि दुसऱ्या हाताने बसायचा पाट ओढायचा, ही कुठली रीत?

असो. सर्व मंडळींना नमस्कार. माझी शाळा चौथीत सुटली. मी सांगितलं ते नातीने टाइप केलं आहे.

डॉक्टर नॉटिंगहॅमच्या इस्पितळात नवीन लागले तेव्हा मी तिथल्या लॉन्ड्रीत होते. माझ्या जोडीला रोसाबाई होत्या. त्या चिले देशाच्या. तिकडे लष्कराने राज्य बळकावलं, त्यांच्या यजमानांना धरून नेलं, आणि त्या एक बॅग घेऊन इथे आल्या. मोठ्या चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची असते, त्यामुळे दिवसभर आमची तोंडं समोरासमोर. त्या गुणगुणायच्या आणि माझं डोकं उठायचं.

एकदा डॉक्टर धुतलेला कोट न्यायला आले आणि ते गुणगुणणं ऐकून दारातच थांबले. रोसाबाईंनी ओठ मिटले. चिलेचं माणूस दिसलं की इथले भले लोक त्याला मूठ वर करून लढ्याचं गाणं म्हणायला लावत, त्याचा त्यांना वीट आला होता. पण डॉक्टरांनी भलतंच विचारलं.

"तुम्ही निघालात त्या वर्षी तुमच्याकडे रेडिओवर एक नंबरला कुठलं गाणं होतं?"

बाईंच्या हातातलं टोक सुटलं आणि धुतलेली चादर जमिनीवर. मी म्हटलं, "डॉक्टर, गाणी राहू द्या. ही आता परत कोण धुणार?"

"मी धुतो, शेवंताबाई."

मशीन कुठून सुरू होतं तेही त्यांना ठाऊक नव्हतं. अर्थात मीच धुतली.

त्या दिवसापासून डॉक्टरांनी ही गाणी जमवायचं काम अंगावर घेतलं. रोसाबाईंकडे एकही रेकॉर्ड नव्हती आणि इथल्या दुकानांत ती गाणी मिळत नव्हती. मग बाई म्हणत आणि डॉक्टर देवनागरीत उतरवून घेत. बाईंना पहिलं कडवं आठवे, पुढचं नाही. तेव्हा डॉक्टर सुट्टीच्या दिवशी ट्रेनने गावोगावच्या चिलेच्या कुटुंबांकडे जात. एका घरी दुसरं कडवं मिळे, दुसऱ्या घरी धृपद. कुठलं गाणं खरं एक नंबरला होतं यावरून ती माणसं हमरीतुमरीवर येत, आणि डॉक्टर मधे बसून दोन्ही बाजूंचं लिहून घेत. त्यांचा स्वतःचा आवाज फाटका आहे, हे पंचाहत्तरीलाही खोटं सांगवत नाही. पण सुरात नसले तरी शब्दाला चुकत नाहीत.

आपल्या गणेशोत्सवात त्यांनी रोसाबाईंना गायला बोलावलं, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. बाई गाता गाता रडू लागल्या. त्या वेळच्या सेक्रेटरींना वाटलं, हे त्यांचं राष्ट्रगीत. त्यांनी खूण केली आणि सगळा हॉल हात सरळ सोडून उभा राहिला. गाणं होतं नाचाचं. एक मुलगा कोपऱ्यावर मुलीची वाट पाहतो आणि त्याच्या हातातलं आइस्क्रीम वितळतं, एवढाच मजकूर. डॉक्टरांना अर्थ ठाऊक होता, तरी तेही उभेच राहिले. मी मागून विचारलं, "अहो, सांगत का नाही सगळ्यांना?"

"आता बसा म्हटलं तर बाईंना वाटेल, गाणं आवडलं नाही."

एका शिकलेल्या पाहुण्यांनी पुढे त्यांना सुनावलं, "डॉक्टर, जमवायचीच तर लढ्याची गाणी जमवा. ही सवंग गाणी कशाला?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ती गाणी जपायला पुष्कळ जण आहेत. ही हरवली तर कोणी शोधायलासुद्धा निघणार नाही."

माझे मालक गेले तेव्हा डॉक्टर घरी आले. धीर धरा वगैरे काही बोलले नाहीत. मालकांना रेडिओवरचं कुठलं गाणं आवडायचं, एवढंच विचारलं. मी चिडले. "गेलेल्या माणसाची आवड कशाला विचारता?"

"आता ती तुम्हालाच माहीत आहे, म्हणून."

मी सांगितलं. मग चहा टाकला.

आता शनिवारचं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी डॉक्टर आपल्या हॉलमध्ये ही गाणी शिकवतात. चिलेच्या लोकांची इथे जन्मलेली नातवंडं येतात. रोसाबाई व्हीलचेअरवर येतात, कारण हॉल त्यांच्या घराजवळ आहे आणि दाराला रॅम्प आहे. लांब जाणं त्यांना झेपत नाही. काही गाण्यांच्या चाली अजून पक्क्या बसलेल्या नाहीत. डॉक्टर शब्द सांगतात, पण सूर कुठे वळतो ते बाईच सांगू शकतात. त्यांच्याबरोबर आलेले बाकीचे गेले. ढोल काय, पार्किंगमध्येही वाजतो.

डॉक्टरांना भरपूर आयुष्य मिळो आणि ते चालत्या-फिरत्या अंगाने मिळो. गुडघ्याच्या ऑपरेशनला आता त्यांनी आढेवेढे घेऊ नयेत. दुसऱ्याला सांगताना किती कडक असतात!

आणि शनिवारचं काय, हे कोणी डॉक्टरांना विचारायचं नाही. ते "काही हरकत नाही" म्हणतील आणि कमिटी तेवढंच मिनिट्समध्ये लिहून मोकळी होईल. पुढच्या पहिल्या शनिवारी मी रोसाबाईंना घेऊन हॉलच्या दाराशी येणार आहे. हॉल मिळणार की नाही, ते अध्यक्षांनी स्वतः बाहेर येऊन बाईंना सांगायचं. सेक्रेटरीला पुढे करायचं नाही.