त्याला न दिसलेली तबकडी

तलवाड्याच्या दूध सोसायटीत फॅट मोजणारा एक माणूस होता. काचेची नळी बल्बसमोर धरायची, डावा डोळा मिटायचा आणि दिसेल तो आकडा सांगायचा, एवढंच त्याचं बोलणं. माझ्या म्हशीच्या दुधाला तो कायम साडेपाच सांगायचा आणि फॅट जास्त तर भाव जास्त, म्हणून मी सहासाठी रोज भांडायचो.

दुष्काळातल्या एका संध्याकाळी आम्ही कॅन घेऊन रांगेत होतो. हिरवट आगीचा एक गोळा आभाळातून सरकत गेला. उडती तबकडीच ती, हीच आपले ढग पळवते, असं सगळ्यांचं ठरलं. तिचा बंदोबस्त करा, असा अर्ज मी तिथंच तहसीलदारांना लिहिला. सगळ्यांनी सह्या केल्या. फॅट मोजणारा मात्र सही करीना.

"कावून बे? तू बी पाहिलंस की."

"जळता दगड पाहिला, शेठ. तबकडी न्हाई."

"एका सहीनं तुझं काय जातंय?"

"उद्या तुमी सहा म्हणताल, मंग तेबी लिहावं लागंल."

रांग हसली. मी कॅन आपटला. त्यानं शांतपणे दूध तपासलं आणि नळी माझ्याच हातात दिली. "तुमीच वाचा."

मी डावा डोळा मिटला. सहा म्हणायचं ठरवलं होतं, तोंडातून साडेपाच निघालं. तो राग अजून गेलेला नाही.