वीस मिनिटांची सावली

आमच्या वडनेर भोलजीत मी नेमकं काय करतो, हे समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. मुलगी बघायला गेलो की तिकडची मंडळी चहा पुढे करून विचारतात, काय करता? खरं सांगायचं तर मी नसलेल्या खोल्या बांधतो. डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवायचा. तो चढवला की चार गावांत बसून पहारा देणारी माणसं एकाच टेबलाभोवती बसलेली दिसतात आणि समोरच्या भिंतीवर गोदामांच्या, फाटकांच्या कॅमेऱ्यांची चित्रं चालू असतात. एवढं सांगेपर्यंत चहा निवतो आणि आठवड्याने नकार येतो. हल्ली मी नुसतं ‘कम्प्युटरचं काम’ म्हणतो.

घरात मी आणि बाबा. आईला जाऊन दीड वर्ष झालं. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नांदुऱ्याच्या स्टँडवर जन्मभर माइकवर बोलले आणि निवृत्त झाले तेव्हा सगळं बोलणं तिथेच ठेवून आले असावेत. आम्ही दोघं दिवसाला दहा वाक्यं बोलत असू, त्यातली चार भाजीवरची.

मग माझी सोबत म्हणजे ती खोली. तिची चाचणी सुरू होती आणि चार पहारेकरी रोज तिथे कामाला बसत. मी निरीक्षक म्हणून हजर असायचो, म्हणजे मला ते दिसत, मी त्यांना दिसत नसे. कंपनीचं माणूस अधूनमधून बघत असेल, असं त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ते सगळे विसरून गेले. मी मात्र एक दिवस चुकवला नाही. अकोल्याचे एक काका होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांचा खोकला मला पाठ होता. त्यांच्या लेकीची नर्सिंगची परीक्षा होती त्या दिवशी मीही उगाच धास्तावलो होतो. नागपूरच्या बाई त्यांना भाऊ म्हणत. कुणी उठताना ‘माझं बघा’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘बघतो’ म्हणायचं, मगच चष्मा काढायचा, हा त्यांचा आपसांतला रिवाज. तो मी घालून दिला नव्हता, पण मला फार आवडायचा.

एक गोष्ट मात्र सोसवत नव्हती. चष्मा काढला की माणूस डोळ्यांसमोरून पुसल्यासारखा जायचा आणि खुर्ची उघडी पडायची. आई गेली त्याच संध्याकाळी नातेवाइकांनी तिची खाट अंगणात नेऊन उभी केली होती. तेव्हा मी कुणाला काही बोललो नाही. या खोलीत तरी माझा हुकूम चालत होता. म्हणून कुणी मागितलं नसताना मी एक सोय केली. माणूस गेला तरी त्याची आकृती वीस मिनिटं खुर्चीत राहील, मंद श्वास घेत, नजर भिंतीवर ठेवून. वर लिहून दिलं की यामुळे एकोपा वाढतो. कंपनीच्या पुण्यातल्या साहेबांना ते पटलं. हजेरीची नोंदही मी त्या आकृतीलाच जोडून दिली, निव्वळ आळसाने.

मग ती दुपार आली. अकोल्याच्या काकांचं नेट अचानक गेलं. ‘माझं बघा’ म्हणायला त्यांना वेळच मिळाला नाही. त्यांची आकृती सावलीसारखी खुर्चीत बसून राहिली, नजर फाटकाच्या कॅमेऱ्यावर, श्वास अगदी संथ. बाकीच्या तिघांना वाटलं, भाऊ आहेत. तेवढ्यात त्या फाटकावरचा म्हातारा चौकीदार उन्हात चक्कर येऊन पडला. पंधरा मिनिटं तो तसाच पडून होता. शेवटी आत येणाऱ्या एका ट्रकवाल्याने त्याला उचललं. डोक्याला टाके पडले, पण जीव वाचला.

चौकशीत नोंद निघाली, आणि नोंद सांगत होती की काका जागेवरच होते. नेट गेलं होतं असं ते म्हणाले, ते कुणी मानलं नाही. ड्यूटीवर डोळा लागला, असा शेरा तयार झाला आणि काकांना घरी बसवलं. साहेबांचा मला फोन आला. या वयात होतं असं, आपण त्या भानगडीत पडायला नको, असं त्यांचं म्हणणं. मी ‘बरं’ म्हणालो. ते ‘बरं’ मी दोन दिवस गिळत होतो.

तिसऱ्या दिवशी जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. ते हातातला घास तसाच धरून ऐकत होते. मग इतकंच म्हणाले, "न आलेली गाडी आली म्हनून लिवली तू. अन् मार त्या मानसाले बसून राह्यला." पुढे त्यांनी वरण मागून घेतलं.

त्याच दुपारी मी साहेबांना लेखी कळवलं, की चूक माणसाची नाही, माझ्या खोलीची आहे. सावली काढून टाकली. काकांवरचा शेरा गेला. माझं पुढचं काम राहील की नाही, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. पण नुसत्या पत्राने माझं मन निवेना. काका कामावर परत आले त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःला आकृती दिली, आवाज दिला आणि टेबलाशी पाचवी खुर्ची ओढून बसलो.

चौघंही दचकले. काकांनी विचारलं, "तुमी कोन?"

पाच महिने मी या माणसाचा खोकला ऐकत होतो. ही खोली मी बांधली, असं सांगितलं. सावलीचं सांगितलं, नोंदीचं सांगितलं, माफी मागितली. त्या दिवशीही मी इथेच होतो, रोजच असतो, हेही सांगून टाकलं. नागपूरच्या बाईंनी मान फिरवली. त्यांना ते आवडलं नसणार, आणि का आवडावं?

काका रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते खरोखर कोड्यात पडल्यासारखे बघत होते.

"मंग थो म्हातारा पडला," ते म्हणाले, "थे तुमाले तरी दिसाले पायजे होतं. भित त समोरच होती."

"मी भिंतीकडे बघत नव्हतो," मी म्हणालो. "तुमच्याकडे बघत होतो."