तिसरा खांब

काकू भित्र्या आहेत हे साऱ्या शिवाराला ठाऊक होतं. पाल दिसली की त्या किंचाळत, फटफटी जवळून गेली की भिंतीला चिकटत, आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहत. लोक हसत, त्याही हसत. पण माणूस उठसूट घाबरत असला की तो खरोखर कशाला घाबरतोय हे कोणी विचारत नाही. काकूंना नऊ वर्षांत कोणी विचारलं नाही.

ती भीती घरामागे चार खांबांवर उभी होती आणि तिच्यात दहा हजार लिटर पाणी मावत होतं.

टाकी बांधली होती काकूंच्या नवऱ्याने. शेतावरची प्रत्येक भिंत त्यांनी स्वतःच्या हाताने उभी केलेली. गोठा, पंपाची खोली, चाऱ्याची कोठी, सगळं त्यांचंच. गवंड्याला ते कुंपणाच्या आत येऊ देत नसत. शिक्षण सातवी, पण लोक त्यांना इंजिनिअर म्हणत, अर्धं कौतुकाने आणि अर्धं चेष्टेने. ते सगळं कौतुकाच्याच खात्यात धरत. चूक कबूल करणं हा प्रकार त्यांच्या कुंडलीतच नव्हता. पंपाच्या खोलीचं दार आत उघडून पंपावर आपटायचं, तर म्हणाले, "बरोबरच आहे. चोर आला की आवाज होईल."

टाकीखालची जागा वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तिथेच गव्हाण बांधली आणि दोन खुंट्या ठोकल्या. दूध तिथेच काढायचं. सावलीही झाली, पाणीही हाताशी.

खांब भरले तेव्हा कामाला दोघंच होते. इंजिनिअर परांचीवर उभे राहून माल ठोकत होते, काकू खाली सिमेंट, वाळू आणि खडी कालवून घमेली वर देत होत्या. किती पाणी घालायचं त्याची खूण इंजिनिअरांनी बादलीच्या आत खिळ्याने ओढून दिली होती. पहिले दोन खांब त्या खुणेबरहुकूम झाले. तिसऱ्याला दुपार झाली. माल घट्ट, फावडं रुतेना, तळहाताचे फोड फुटलेले. काकूंनी वर बघितलं, नवऱ्याची पाठ होती. त्यांनी खुणेच्या वर अर्धी बादली पाणी ओतलं. माल कसा लोण्यासारखा फिरला! मग प्रत्येक घाण्याला तसंच. वरून आवाज आला, "वा! आता बसला तुझा हात!" काकू लाजल्या, सुखावल्यासुद्धा. चौथा खांब दुसऱ्या दिवशी भरला. रात्रीच्या झोपेने हात बरे झाले होते, त्यामुळे तो पुन्हा खुणेप्रमाणे झाला.

दोन वर्षांनी शेजाऱ्यांच्या शेतावर कोठी बांधायचं काम निघालं. काकू सहज उभ्या होत्या. गवंडी मजुरावर खेकसला, "अरे, पाणी वाढवलंस की माल मेला! वरून गोंडस दिसेल, आतून भुगा!"

घरी येऊन काकू थेट टाकीखाली गेल्या आणि तिसऱ्या खांबाकडे बघत राहिल्या. वरून तो गोंडसच दिसत होता.

सांगायचं तर त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण इंजिनिअर पाहुण्यांना टाकी दाखवत होते. मग म्हटलं, उद्या. उद्या म्हणता म्हणता वर्ष गेलं, आणि एकदा उशीर झाला की इतका उशीर का केला हेही सांगावं लागतं. आपलेच दात, आपलेच ओठ. काकू गप्प बसल्या आणि दूध काढायला पहिल्या खांबाला पाठ टेकून बसू लागल्या. तिथून तिसरा समोर दिसायचा. पुढे त्याच्यावर केसाएवढी भेग आली. दर वर्षी काकू स्वतः चारही खांबांना चुना द्यायच्या. इंजिनिअर म्हणायचे, "बघा, माझ्या टाकीवर हिचा किती जीव!" जीव टांगणीला होता हे त्यांना काय माहीत. चुन्याखाली भेग पुन्हा उघडे. हल्ली तिच्यात काकूंचं नख जात होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कसोशीने पाळली. टाकीखाली दुसऱ्या कोणाला बसू दिलं नाही. तीन वर्षांपूर्वी सून आली. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "आई, दूध मी काढते ना."

"नको. गाय बुजते."

"माहेरी मीच काढायचे हो."

"नको म्हटलं ना."

सुनेचं तोंड एवढंसं झालं. आईजवळ फोनवर ती म्हणाली, सगळं करू देतात, दुधाला तेवढं बसू देत नाहीत, भरवसाच नाही माझ्यावर. काकूंनी ते दाराआडून ऐकलं आणि तसंच गिळलं.

यंदा काकूंची बोटं आखडली. सकाळी मूठ मिटेना. डॉक्टरांनी दूध काढणं बंद करायला सांगितलं. जेवताना सून म्हणाली, "आजपासून मी बसणार, आई. आता नाही म्हणू नका." तिला सातवा महिना होता. काकू ताटावरून उठल्या. टाकी तासाभरापूर्वीच काठोकाठ भरली होती.

इंजिनिअर अंगणात दगडावर जुने खिळे सरळ करत बसले होते. काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. एका दमात त्यांनी सगळं सांगितलं. खूण, अर्धी बादली, गवंडी, चुना.

इंजिनिअर हसले. "अगं, अकरा वर्षं उभी आहे! पडायची असती तर केव्हाच पडली असती."

पण हातातला खिळा घेऊन ते उठले. तिसऱ्या खांबापाशी त्यांनी चुना खरवडला आणि भेगेत खिळा टेकवला. हातोडी लागलीच नाही. नुसत्या अंगठ्याच्या दाबाने खिळा दोन पेरं आत गेला आणि करड्या भुग्याची रेघ खाली सांडली. त्यांनी वीतभर खाली पुन्हा टेकवला. तिथेही तेच.

त्यांनी वळून बघितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. अडतीस वर्षांच्या संसारात काकूंनी ती पहिल्यांदा पाहिली. घरात एक माणूस कशालाच घाबरत नाही, या एका आधारावर त्या आजवर घाबरत आल्या होत्या.

तेवढ्यात सून बादली घेऊन येताना दिसली.

"तिथेच थांब!" इंजिनिअर ओरडले. त्यांनी दोन्ही गाई सोडल्या आणि बाहेर हाकलल्या. टाकी रिकामी करायचा व्हॉल्व्ह नेमका खालीच, तिसऱ्या खांबाला लागून. ते पाना लावून बसले. व्हॉल्व्ह गंजलेला, हलेना. वरून भुगा त्यांच्या मानेवर पडत होता.

काकू टाकीखाली शिरल्या.

"बाहेर हो आधी!"

"तुमच्या एकट्याच्याने फिरणार नाही तो."

आखडलेल्या बोटांनी त्यांनी पान्यावर भार टाकला. दोघांच्या माना एकमेकींना लागल्या होत्या. काकूंना वाटलं, आता. आता येणार खाली. आणि व्हॉल्व्ह फिरला. पाणी धो धो सुटलं, गव्हाण भरली, अंगणभर पसरलं. दोघं चिखलातून धडपडत बाहेर आले.

"काय झालं, बाबा?" सून कावरीबावरी झाली होती.

इंजिनिअरांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "खांबाचा माल बिघडला होता. चूक झाली. माझी."

हा शब्द त्यांच्या तोंडून काकूंनी कधी ऐकला नव्हता. तो ऐकवेनाही.

"ते खोटं बोलतायत," काकू म्हणाल्या. "पाणी मी वाढवलं होतं. हात दुखत होते म्हणून. मला नऊ वर्षांपूर्वीच कळलं होतं. म्हणूनच तुला मी बसू देत नव्हते."

सुनेने वाहत्या पाण्याकडे आणि मग त्या खांबाकडे बघितलं. चुना निघालेल्या जागी दोन भोकं स्पष्ट दिसत होती.

"आणि तुम्ही रोज तिथे बसत होतात?"

"दोन वेळा," काकू म्हणाल्या. "सकाळी आणि संध्याकाळी."