दसऱ्याच्या दिवशी काढलेली वायर

आमच्या घरात कशालाही मुहूर्त लागायचा. हात उचलायला तेवढा लागायचा नाही. नाना, म्हणजे माझे वडील, एरवी कमीच बोलायचे. जे काय बोलायचं ते त्यांचा पंजा बोलायचा. दादाला मिसरूड फुटलं तसा त्याचा मार थांबला, आईचा आणि माझा चालूच राहिला. मीही काही गरीब गाय नव्हते. उलट उत्तर दिलं की नाना म्हणायचे, "जीभ हाय का विळा?"

गंगापूर रोडच्या पुढे मळ्यातच आमचं घर. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. दादा लग्नाचे मंडप फुलांनी सजवायचा. गिऱ्हाइकाला आधीच्या सजावटीचे फोटो दाखवता यावेत म्हणून नानांनी त्याला कॉम्प्युटर घेऊन दिला होता. मी कॉम्प्युटरच्या पदवीला होते आणि कॉलेजात सगळं काम लिनक्स नावाच्या सिस्टिमवर. घरच्या मशीनवर विंडोज. त्याच डिस्कवर जागा करून शेजारी लिनक्स बसवायचं, चालू करताना हवं ते निवडायचं, असं मी ठरवलं. दादा हो म्हणाला. नानांनी भाकरी मोडता मोडता अट घातली, "त्याच्या कामाला धक्का लागला, तर तुझं कॉलेज त्या दिवशी बंद. पेठचं स्थळ आलेलंच हाय."

ते थट्टा करत नव्हते. नानांना थट्टा येतच नव्हती.

दसऱ्याला नाना आणि दादा झेंडू घेऊन पहाटेच बाजारात गेले. मी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून बसले. विंडोजची जागा कमी करून लिनक्सला जागा द्यायची, ती पायरी सुरू झाली. पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. या पायरीला मशीन बंद पडलं की संपलंच. "आई, याला हात लावू नकोस हं," असं सांगून मी अंघोळीला गेले.

बाहेर आले तर पडदा काळा. कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू, वर झेंडूची माळ, आणि वायर भिंतीतून काढून नीट गुंडाळून ठेवलेली. शेजारी पाटावर धुतलेला कोयता, विळा, खुरपी, दादाची कात्री, सगळ्यांना कुंकू. दसऱ्याला हत्याराची पूजा करायची आणि दिवसभर त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही, हा आईचा नेम.

"आई! काय केलंस हे?"

"हात नाय लावला बाई. वायर तेवढी काढली. बिचारं सकाळपासून घरघरतंय, आज तरी त्याला विसावा नको?"

मी माऊस भिंतीवर आपटला, त्याचे दोन तुकडे झाले. "विसावा? कायमचाच दिलास!" मशीन चालू करून पाहिलं. काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी. विंडोज उघडेना, लिनक्स तर बसलंच नव्हतं. मी वायर पुन्हा उपटून टाकली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. "माझं कॉलेज गेलं," मी म्हटलं, तेव्हा कुठे आईला कळलं.

दुपारी नाना एकटेच आले. झेंडूचा भाव पडला होता, उरलेला माल रस्त्याच्या कडेला ओतून आले होते. चप्पलही न काढता म्हणाले, "दादा गिऱ्हाइकापाशी थांबलाय. मागच्या मंडपाचा फोटो पाठव त्याला."

"चालू होत नाहीये."

"का?"

"मधेच बंद झालं."

"कोणी केलं बंद?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पोळ्याच्या दिवशी तिला कानाखाली बसली होती, त्या कानानं तिला अजून नीट ऐकू येत नव्हतं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

पहिल्या थपडेला माझं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. दुसरीला ओठ फुटला. नानांनी केस धरून मला फरफटत उंबऱ्यापर्यंत नेलं. "बोल! कोणी केलं?" मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. त्यांनी लाथ घातली ती बरगडीत बसली. मला श्वासच घेता येईना. मेले तरी सांगणार नाही, असं मी मनात घोकत होते, आणि खरं सांगते, त्या घटकेला मला नानांचा जीव घ्यावासा वाटत होता. त्यांनी पुन्हा हात उगारला.

"वायर मी काढली."

आईच्या हातात पाटावरचा कोयता होता. पात्याला ओलं कुंकू, त्यात झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

नानांच्या तोंडून एवढंच निघालं, "ठेव ते. आज हत्याराला हात लावायचा नसतो."

"मला शिकवता?" आईचा आवाज मी एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. "म्हणूनच काढली ना वायर! मशिनीला विसावा दिला, कोयत्याला दिला. तुमच्या हाताला कधी देणार? पंचवीस वर्षं बघतेय मी. आता पोरीला हात लावून दाखवा, मनगटापासून तोडीन. देवाशपथ तोडीन!"

नानांचा हात खाली आला. ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आई मला म्हणाली, "लाव गं ती वायर."

"अगं, आज दसरा."

"लाव म्हणते ना!"

पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू केलं. त्यातून जुन्या डिस्कमध्ये शिरता आलं. दादाचे सगळे नाही, पण बरेच फोटो सापडले. मी एका हातानं ओठाला ओला फडका धरून ते एकेक उतरवून घेत होते. आई माझ्या खुर्चीमागे उंबऱ्यावर बसून होती. कॉलेजचं नाव कोणी काढलं नाही, पेठच्या स्थळाचंही नाही.

दिवेलागणीला नाना आत आले. रिवाजाप्रमाणे सोनं द्यायला त्यांनी आपट्याचं पान पुढे केलं. हात पुढे येताना दिसला तशी मी अंग चोरलं. आई जागची हलली नाही. तिनं पान डाव्या हातात घेतलं. उजव्या हातात अजून कोयता होता.