आबांना ऐकू येणारं मिसिंग

गॅरेजात किस्से शोधावे लागत नाहीत. गाडी उघडली की मालक शेजारच्या स्टुलावर बसतो. त्याच्या हाताला काम नसतं, म्हणून तो बोलतो. माझं डोकं इंजिनाजवळ असतं आणि मी मुळात कमी बोलतो, त्यामुळं लोकांना वाटतं, याचं लक्ष नाही. लक्ष असतं. नववीनंतर शाळा सुटली तेव्हापासून बारामतीत मामांच्या गॅरेजात आहे. मामा माझे सख्खे नाहीत, सगळ्या तालुक्याचेच मामा आहेत. एवढ्या वर्षांत साचलेलं सगळं काढत बसलो तर आपला चहा गार होईल. म्हणून आज फक्त प्रमोददादाच्या गाडीचं सांगतो.

प्रमोददादा कळंबचा. एमआयडीसीत कामाला. आयटीआयला असताना त्यानं लॉकरच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलं होतं. लांब, बुटकी मोटारसायकल, रुंद हँडल, थेंबासारखी टाकी आणि टाकीखाली इंग्रजी व्हीसारखे तिरके बसवलेले दोन सिलिंडर. लग्न झालं, मुलं झाली, चित्र डोक्यातून गेलं नाही. शेवटी पुण्याच्या एका गृहस्थांकडून त्यानं तशी जुनी गाडी घेतली आणि सर्व्हिसिंगला आमच्याकडं आणली.

या गाडीचा आवाज एकसारखा नसतो. दोन ठोके जवळजवळ, मग थोडी मोकळी जागा, परत दोन ठोके. तिची घडणच तशी. पण आपल्याकडं सगळ्यांचे कान एका सिलिंडरवर वाढलेले. मधली जागा ऐकली की वाटतं, इंजिनाचा ठोका चुकला. गाडी मिसिंग मारतीय.

पहिल्याच दिवशी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गॅरेजसमोर भर रस्त्यात थांबला. मागं एसटी, टेम्पो, हॉर्नवर हॉर्न. ड्रायव्हर सावकाश उतरला, आमच्यापर्यंत चालत आला, म्हणाला, “मिसिंग मारतीय,” आणि परत जाऊन ट्रॅक्टरवर बसला.

मग दूधवाला तेच म्हणाला. मग शेजारचा टायरवाला. मामा वैतागले. त्यांनी पुठ्ठ्यावर ‘ही गाडी अशीच वाजते’ असं लिहून तो हँडलला अडकवला. दुपारी एक जण आला. त्यानं पुठ्ठा वाचला, बराच वेळ गाडी ऐकली.

“मामा,” तो म्हणाला, “पाट्या रंगवत बसण्यापरास रिपेर केली आसती तर?”

हे हसण्यावारी गेलं असतं. पण दादाच्या वडिलांनी, आबांनी, घरी तेच सांगितलं होतं. आबांनी विहिरीवरचं डिझेल इंजिन उभा जन्म चालवलेलं. त्यांचा कान म्हणजे शेवटचा शब्द. “मिसिंग गेलं तर गाडी ऱ्हाईल. न्हाय तर रविवारी इंदापूरचं गिऱ्हाईक यील आन् घिऊन जाईल.”

स्टुलावर बसून दादा हे सांगत होता आणि फडक्यानं टाकी पुसत होता. टाकी आधीच स्वच्छ होती.

*

आम्ही आधी साधं सर्व्हिसिंग करायचं ठरवलं. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, चेन धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केले. मामांनी पुढचा प्लग काढला, नवा बसवला, हात पुसले आणि चहा मागवला. चाळीस वर्षं एकाच प्लगच्या गाड्या केलेल्या. हाताला तेवढंच माहीत.

चहा निम्मा झाल्यावर दादा हळूच म्हणाला, “मामा, मागच्या सिलिंडरचा?”

मामांनी कप खाली ठेवला. गाडीकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाले, “त्याला जरा गार होऊ दिलंय.”

मागचा प्लग टाकीखाली, फ्रेमच्या आड, अशा अवघड जागी असतो की मामांचा पंजा तिथं शिरेना. माझा बारीक हात शिरला. आई लहानपणापासून म्हणायची, या पोराच्या अंगाला काही लागत नाही. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. आत बोटं गेली तेव्हा सिलिंडर अजून कोमट होता, नुकत्याच निजलेल्या वासरासारखा.

*

ट्रायल मला घ्यायला सांगितली. इंदापूर रस्त्यानं थोडं पुढं जायचं आणि परतायचं.

मी सणसरपर्यंत जाणार होतो. सणसर माझंच गाव. उसाला तुरे आले होते. ऊन कलतं होतं आणि दोन्ही बाजूंचे ते पांढरे तुरे वाऱ्यानं एकाच दिशेला झुकत होते. खाली ती चाल. दोन ठोके, मोकळी जागा, दोन ठोके. थोड्या वेळानं मला ती कानानं ऐकू येईना, छातीतच वाजायला लागली. त्या मोकळ्या जागेत काय नसतं? कॅनॉलच्या पाण्याचा वास येऊन जातो. कुणीतरी गुऱ्हाळ लावलंय ते कळतं. असं वाटलं की गाडी पुढं जात नाही, रस्ताच कुणीतरी खालून हळूहळू ओढून घेतंय.

भानावर आलो तेव्हा सणसर कधीच मागं पडून अंथुर्णं आलं होतं.

चौकात थांबलो. हेल्मेट घातलेलं, खाली अशी गाडी. पारावरचे एक तात्या उठून आले आणि मला हिंदीत विचारलं, “किधर से आये?”

कुणी अनोळखी माणूस बोललं की माझं डोकं बंद पडतं. मी म्हणालो, “सणसर से.”

तात्यांनी मान डोलावली. “अच्छा है सणसर. हमारी बेटी दी है उधर.”

तेवढ्यात मामांचा फोन. “कुठं हायस?”

“अंथुर्ण्यात.”

“आरं ट्रायल घ्यायला लावली हाय का गाव बगायला?”

*

शुक्रवारी आबा स्वतः गॅरेजात आले. पांढरी टोपी, धोतर, ताठ कणा. स्टूल नाकारलं. गाडीजवळ उभे राहिले, डोळे मिटले आणि ऐकलं.

“हाय तसंच हाय.”

मामांनी दोन बोटं तिरकी धरून समजावलं. “आबा, हिला दोन पिस्टन हायती. एक आदी येतो, दुसरा त्याच्या मागनं येतो. म्हनून ठोका आसा पडतो.”

“मग मागच्याला सांगा की जरा लवकर निघाया.”

खोटं बोलायचं नाही, पण गिऱ्हाईकाचं मन राखायचं, म्हणून मामांनी मला खुणावलं. मी आयडलिंगचा स्क्रू फिरवून उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग वाढवला. ठोके जवळ आले, मोकळी जागा जवळजवळ बुजली. दादाचा चेहरा उजळला.

आबांनी डोळे उघडले. “ही बरी झाली न्हाय. ही घाबरलीय.”

मी स्क्रू परत होता तिथं आणला. मलाही तसंच वाटलं होतं.

*

रविवारी मी आणि मामा गाडी घेऊन कळंबला गेलो. अंगणात इंदापूरचं गिऱ्हाईक आधीच चहा पीत बसलेलं. गाडी चालू केली तसं ते हरखलं. “ह्यो आवाज! ह्योच पायजे व्हता मला.”

“घ्या,” आबा म्हणाले. “लंगडी गाडी हाय, मी सांगितलं न्हाय आसं म्हनू नगा. लंगडणारं लांब जात न्हाय.”

दादा गाडीचे कागद आणायला उठला. उठला, पण वाटेत थांबून फडक्यानं टाकी पुसायला लागला. मी इंजिन बंद करायला हात पुढं केला.

“ऱ्हाऊ दे,” आतून आवाज आला.

दादाच्या आई बाहेर आल्या. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांचा डावा पाय जन्मापासून आखूड. शहाबादी फरशीवरून त्या चालत आल्या. दोन पावलं जवळजवळ, मग थोडं थांबणं, परत दोन पावलं. इंजिन चालू होतं आणि त्या चालत होत्या.

त्या गाडीशी आल्या. सीटवर हात ठेवला.

“कळंबात नांदाया आले तवा दारात तुमच्या चुलत्यानं काय म्हनलं हुतं?” त्या आबांना म्हणाल्या. “पोरगी लंगडती, लांब जायची न्हाय. तुमी काय म्हनला हुता त्यास्नी?”

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

“म्या आत उबी हुते. म्या ऐकलंय.”

मग त्या दादाला म्हणाल्या, “चल, बस फुडं. मला पार नदीपातुर न्हे.” आणि दादानं धरायच्या आत, दोन्ही पाय एका बाजूला सोडून मागच्या सीटवर बसल्या. उजवा पाय फूटरेस्टवर टेकला. डावा हवेत राहिला, इंजिनाबरोबर हलत.

गिऱ्हाईक मामांकडं बघायला लागलं. मामा माझ्याकडं. मी खाली.

आबा सावकाश चालत आले. वाकले. तो लोंबता पाय हातात घेतला, फूटरेस्टपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं आणि तसेच वाकलेले राहून मला म्हणाले,

“पोरा, ह्ये चार बोटं वर घ्यावं लागंल. पाना आणलाईस का?”