कॉरिडॉरमधली हळद

सिंगापुरात हिवाळा नसतो, हे माझ्या हळदीला कुणी सांगितलं नव्हतं. बाजारातून आणलेल्या ओल्या हळदीचा एक कंद मी यिशुनच्या आमच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरमध्ये कुंडीत लावला होता. पानं हातभर वाढली आणि नवीन वर्ष लागताच, बाहेर तोच उकाडा असताना, पिवळी पडून वाळली. मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, डेड ऑलरेडी लाह." नवऱ्यानं तर त्या कुंडीत मनीप्लांट लावायचा बेतही केला. मी कुंडीला हात लावू दिला नाही. हळद थंडीत झोपते, मरत नाही, हे माझ्या कोकणातल्या माहेरी शेंबडं पोरही सांगेल!

पण आतून मीही धास्तावले होते. रोज ऑफिसला निघताना माती निरखायचे आणि काही दिसलं नाही की घरच्यांवर उगाच खेकसायचे. मग मे महिन्यात एका सकाळी मातीतून हिरवं टोक वर आलेलं दिसलं. मी अशी ओरडले की दोघं दात घासता घासता धावत आली.

नागपंचमीपर्यंत पानं छान रुंद झाली. त्यांवर तांदळाचं पीठ थापून, आत गूळ-खोबरं भरून मी पातोळ्या उकडल्या. त्या वासानं नवरा स्वयंपाकघरातच घुटमळत राहिला. तिसऱ्या पातोळीसाठी त्यानं ताटली पुढे केली, तेव्हा मी म्हटलं, "मेलेल्या झाडाची आहे हं, चालेल ना?"